हर्बल हुक्का : मनाई नाही, म्हणून मुभा आहे काय?

उपाहारगृहाच्या खाद्यसूचीत सूप, पिझ्झा आणि शीतपेये यांच्या खाली गुलाब, पुदिना किंवा पान अशा स्वादांच्या 'हर्बल हुक्क्या'ची ओळ मोठ्या शहरांतून आढळते. 'यात तंबाखू नाही. म्हणून तो निर्धोकही आहे आणि कायदेशीरही', असे मालक सांगतो आणि ग्राहक ते मान्य करतो. या एका वाक्यात दोन स्वतंत्र दावे आहेत, एक कायद्याचा आणि दुसरा आरोग्याचा. ज्या घरातील मुले अशा ठिकाणी जातात त्या घराने, आणि ज्या घरातील मुले असा व्यवसाय उभारू पाहतात त्या घरानेही, हे दोन्ही दावे तपासून घेणे आवश्यक आहे.

प्रथम कायदा पाहू. सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादनांविषयीच्या 2003 च्या केंद्रीय कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. मात्र 30 किंवा अधिक आसने असलेल्या उपाहारगृहास स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवण्याची सवलत दिली. 2008 च्या नियमांनुसार त्या कक्षात 'इतर' कोणतीही सेवा देता येत नसे. मुंबई महानगरपालिकेने परवान्याच्या अटींद्वारे हुक्क्यास मनाई केली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हुक्का हा धूम्रपानाचाच प्रकार असल्याने धूम्रपान कक्षात तो देणे म्हणजे 'इतर' सेवा नव्हे, असा अर्थ लावून न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये त्या अटी रद्द केल्या. पुढे 2017 मध्ये केंद्र सरकारने नियमातील 'इतर' हा शब्दच काढून टाकला आणि धूम्रपान कक्षात कोणतीही सेवा देता येणार नाही, असे स्पष्ट केले.

महाराष्ट्रातील चित्र बदलले ते एका दुर्घटनेनंतर. डिसेंबर 2017 च्या अखेरीस मुंबईतील कमला मिल आवारात लागलेल्या आगीत 14 जणांचा मृत्यू झाला. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्यासाठी पेटविलेल्या कोळशाच्या ठिणग्यांकडे बोट दाखविले गेले. 2018 मध्ये राज्याने केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करून हुक्का बार चालविण्यास बंदी घातली. शिक्षा किमान 1 वर्ष ते कमाल 3 वर्षे कारावास आणि 50 हजार ते 1 लाख रुपये दंड अशी ठेवण्यात आली. परंतु दुरुस्तीतील 'हुक्का बार'ची व्याख्या तंबाखू ओढण्यासाठी लोक जमतात अशा जागेपुरती आहे. हर्बल हुक्क्याचा सारा व्यापार याच शब्दावर उभा आहे. तंबाखूविरहित हुक्क्यास ही बंदी लागू होत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानेही 2019 मध्ये मान्य केले.

येथेच पुष्कळ जण वाचन थांबवतात. प्रत्यक्षात पुढचा निर्णय व्यावसायिकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. चेंबूर येथील एका उपाहारगृहाचा परवाना हर्बल हुक्का पुरविल्यावरून महानगरपालिकेने एप्रिल 2023 मध्ये रद्द केला. त्याविरुद्धची याचिका ऐकताना उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तंबाखूचा प्रश्न बाजूला ठेवून परवान्याचा प्रश्न विचारला. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 अन्वये मिळणारा परवाना खाद्यगृह चालविण्याचा असतो. त्यात हुक्का पुरविण्याची परवानगी आपोआप सामावलेली नसते, असे न्यायालयाने म्हटले. जेथे स्त्रिया, मुले व वृद्ध भोजनासाठी येतात, तेथे हुक्का हा खाद्यसूचीतील एक पदार्थ होऊ शकत नाही, तसेच प्रत्येक हुक्क्यात काय घातले आहे यावर आयुक्तांनी सतत पाळत ठेवावी अशी अपेक्षाही करता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. याचिकाकर्त्यास दिलासा मिळाला नाही.

या दोन निर्णयांत विसंगती नाही. तंबाखू नसलेला हुक्का हा 2018 च्या दुरुस्तीखाली गुन्हा ठरत नाही, असे पहिला निर्णय सांगतो. गुन्हा नसलेली प्रत्येक गोष्ट खाद्यगृहाच्या परवान्यात बसते असे नाही, हे दुसरा सांगतो. फौजदारी कायदा 'काय करू नये' ते सांगतो आणि परवाना 'काय करता येईल' तेवढेच सांगतो. कर्नाटकाने तर फेब्रुवारी 2024 मध्ये तंबाखू वा निकोटिन असो किंवा नसो, सर्वच हुक्क्यांवर बंदी घातली आणि तेथील उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी वैध ठरविली.

या भेदाचे व्यवहारातील परिणाम मोठे असतात. समजा, दोन भावांनी बँकेचे कर्ज काढून कॅफे उघडला, वडील जामीनदार राहिले आणि घर तारण ठेवले गेले. उत्पन्न वाढावे म्हणून भागीदाराच्या सल्ल्याने हर्बल हुक्का सुरू झाला. परवाना रद्द झाला, तर केवळ हुक्का नव्हे, स्वयंपाकघरही बंद होते. जागेचे भाडे, नोकरांचे पगार आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. सलग तीन हप्ते थकले की कर्जखाते अनुत्पादित होण्याच्या मार्गाला लागते आणि वसुलीची सूचना जामीनदाराच्याही हाती पडते. 'आमच्या हुक्क्यात तंबाखू नव्हता' हे उत्तर पोलिसांपुढे कदाचित चालेल. बँकेपुढे त्याचा उपयोग नाही.

आता आरोग्य. हर्बल मिश्रणात बहुधा उसाचा चोथा किंवा चहाची पाने, काकवी, ग्लिसरीन आणि कृत्रिम स्वाद असतात. 'वनस्पतिजन्य' या शब्दाने औषधी काढ्याची आठवण होते, पण काढा पोटात जातो आणि हा धूर फुप्फुसात. हुक्क्यातील मिश्रण कोळशाच्या निखाऱ्याने तापविले जाते आणि जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. पाण्यातून गेल्याने धूर थंड होतो. विषारी घटक गळून जात नाहीत. प्रयोगशाळेतील तुलनेत निकोटिन वगळता तंबाखूविरहित धुरातही घातक घटक जवळपास तेवढेच आढळले आहेत. एका सिगारेटचे सुमारे 20 झुरके होतात, तर तासभराच्या हुक्क्यात सुमारे 200.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 18 वर्षांखालील व्यक्तीस विक्री करण्यास 2003 च्या कायद्याने केलेली मनाई तंबाखूजन्य पदार्थांपुरती आहे. हुक्क्यात तंबाखूच नाही, असे म्हटले की ते संरक्षणही दुबळे होते. वाढदिवसाच्या मेजवानीत सोळा वर्षांच्या मुलापुढे नळी सरकविणाऱ्याला थांबविणारा पहिला माणूस घरातलाच असावा लागतो.

उपाहारगृह काढणाऱ्याने परवान्याची प्रत अटींसह वाचावी, शंका असल्यास महानगरपालिकेकडून लेखी खुलासा घ्यावा आणि भागीदारी करारात परवान्याबाहेरील कोणताही व्यवसाय दोघांच्या लेखी संमतीविना होणार नाही, असे कलम घालावे. जामिनावर सही करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी कर्जाच्या कागदांबरोबर खाद्यसूचीही एकदा मागून पाहावी.