भंगारांतील गाडी आणि वाळूची परीक्षा

विलायतेंत १९९८ सालीं 'स्क्रॅपहीप चॅलेंज' या नांवाचा एक दूरचित्रवाणीचा कार्यक्रम सुरू झाला व तो पुढें दहा-बारा वर्षें चालला. त्याचे जुने भाग आमच्या पुतण्यानें मला दाखविले, तेव्हांपासून मनांत घोळत असलेला एक विचार शेतकरी बंधूंपुढें मांडण्याची परवानगी संपादक महाशयांकडे मागतों.

कार्यक्रमाचा प्रकार असा. हौशी मंडळींच्या दोन तुकड्यांस मोडक्या मोटारींच्या व यंत्रांच्या ढिगांत सोडावयाचें, एखादें यंत्र करण्यास फर्मावावयाचें, आणि दहा तासांची मुदत द्यावयाची. प्रत्येक तुकडीच्या जोडीस त्या विषयांतील एक जाणता असे. मग दोन्ही यंत्रें परस्परांसमोर चालवून पाहात. कांहीं आवश्यक भाग ढिगांत आधींच पेरून ठेवीत हें खरें. परंतु ते हुडकून जोडण्यांत जी तारांबळ उडे तींत खोटें कांहीं नसे.

भंगारांतून वाळूवर चालणारी गाडी करण्याची विद्या मात्र याहून जुनी आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या समुद्रकांठचे हौशी लोक जुन्या 'बीटल' मोटारींचें वरचें धूड काढून टाकीत आणि खालचा पाटा आंखूड करून त्या वाळूच्या टेकड्यांवर पळवीत. या मोटारीचें इंजिन मागें, त्यामुळें ओढणाऱ्या चाकांवर भार आपोआप पडे; शिवाय तें हवेनें थंड होणारें, म्हणून पाण्याची टाकी नाहीं. ब्रूस मेयर्स या नावा बांधणाऱ्या गृहस्थांनीं १९६४ सालीं याच जातीची एक फायबरग्लासची हलकी गाडी तयार केली. १९६७ च्या एप्रिलांत ती मेक्सिकोंतील ला पाझ ते तिहुआना हा वाळूदगडांचा मार्ग ३४ तास ४५ मिनिटांत तोडून गेली; फटफटीवाल्यांचा आधींचा विक्रम तिनें पांच तासांनीं मागें टाकला. त्याच्याही पूर्वीं, १९३० च्या आगेंमागें, राल्फ बॅग्नोल्ड हे इंग्रज लष्करी अधिकारी लिबियाच्या वाळवंटांत साध्या फोर्ड मोटारी नेत असत. अनावश्यक भाग उतरवून गाडी हलकी करणें, टायरांतील हवा कमी करणें आणि रुतल्यास चाकांखालीं लोखंडी पन्हळी घालणें, एवढीच त्यांची युक्ति.

ही युक्ति मीं पुस्तकांत वाचण्यापूर्वीं आमच्याच नदींत पाहिली होती. महसूल खात्यांत कारकून असतां वाळूच्या लिलावांचे कागद मीं पुष्कळ वर्षें लिहिले व पंचनाम्यांसाठीं अनेकदां पात्रांत उतरलों. एका चैत्रांत भरल्या ट्रॉलीसकट एक ट्रॅक्टर रुतला. चाक जितकें फिरे तितकें खालीं जाई. कोणी दगड आणा म्हणे, कोणी दुसरा ट्रॅक्टर. इतक्यांत पंक्चर काढणारा एक पोरगा पुढें आला. त्यानें अर्धी वाळू उतरवावयास लावली, मागच्या चाकांची हवा टायर पसरट होईपर्यंत सोडली आणि चालकास "दादा, हळू घ्या" म्हणून सांगितलें. ट्रॅक्टर निमूटपणें बाहेर आला. पक्क्या सडकेस लागण्यापूर्वीं त्यानेंच पंपानें हवा पुन्हां भरली. हा पोरगा सातवींतून शाळा सोडलेला होता.

आतां दुसरी हकीकत. विहिरीवरचें डिझेल इंजिन जुन्या जीपच्या आंसावर चढवून केलेली एक गाडी उतारावर थांबली नाहीं. वर ऊसतोडीचीं माणसें बसलेलीं होतीं, दोघें गेलीं. त्यांच्या वारसांच्या मदतीचें प्रकरण माझ्याच मेजावर आलें. गाडीस ब्रेक म्हणून एक लांकडी ठोकळा होता; तो एकानें उडी मारून चाकाखालीं सारावयाचा! गाडी करणारा कारागीर त्या पंक्चरवाल्या पोराइतकाच हुशार होता. परंतु त्याच्या कामाची परीक्षा कोणी घेतली नव्हती. ती प्रथम त्या उतारावरच झाली. उत्तर हिंदुस्थानांत अशा गाड्यांस 'जुगाड' म्हणतात. त्या मोटार कायद्याच्या कक्षेंतच येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं दिला. निर्णय योग्यच आहे. मात्र बंदीनें गाडी थांबते, कारागीर शहाणा होत नाहीं.

मध्य प्रदेशांत पिथमपूर येथें २००७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांची 'बाहा' नामक स्पर्धा सुरू झाली. तींत विद्यार्थी खडबडीत जमिनीवर चालणारी गाडी स्वतः बांधतात. तेथील एक नियम मला फार आवडतो: ब्रेक दाबतांच चारही चाकें जागच्या जागीं जखडलीं पाहिजेत, त्यावांचून शर्यतींत प्रवेश नाहीं. पण ती स्पर्धा महाविद्यालयांची. तिला लागणारा पैसा व प्रवेशपत्र आमच्या गांवच्या वेल्डिंगवाल्याजवळ कोठून असणार?

म्हणून माझी सूचना अशी कीं, संस्थेनें वार्षिक प्रदर्शनांत उत्कृष्ट बैल व थोरला भोपळा यांच्या बक्षिसांबरोबर ही एक चढाओढ ठेवावी. चौघांची तुकडी, त्यांत एक तरी लोहार किंवा फिटर. सामान सभासदांच्या गोठ्यामागें गंजत पडलेलें. वेळ सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. दुसरे दिवशीं प्रथम ब्रेकची परीक्षा, मग ज्वारीचीं चार पोतीं लादून नदीच्या कोरड्या पात्रांतून पलीकडे व परत. चालकाखेरीज कोणीही वर बसूं नये. गाडी पात्रापर्यंत ट्रॉलींत घालून न्यावी. सार्वजनिक सडकेवर ती चालवूं देऊं नये. ज्यांची गाडी रुतेल त्यांनीं ती कां रुतली हें सर्वांसमक्ष सांगावें. माझ्या मतें खरें शिक्षण तेथेंच होईल, आणि त्यासाठीं एक लहान बक्षीस राखून ठेवावें.

पोरें शेती टाकून लोखंडाशीं खेळत बसतील, असें आमचे कांहीं वडीलधारे सभासद म्हणतील. तीं आजही खेळतातच. फक्त कोणी पाहात नाहीं, आणि माल उतारावर जातो.

पात्र सरकारी असल्यानें तहसीलदार साहेबांची पूर्वपरवानगी लागेल. तो अर्ज कसा लिहावा हें मला चांगलें ठाऊक आहे. कार्यकारी मंडळानें ठराव करावा. अर्जाचा मसुदा मी त्याच आठवड्यांत देईन.