आमराईतले सतरा जण

जबलपूरला गेलेला पाहुणा गढ्याला जाऊन येतोच. टेकडीवर गोंड राजांचा मदन महाल, जवळच संग्रामसागर आणि वाटेत दुसऱ्या खडकाच्या टोकावर जेमतेम टेकलेला तो प्रचंड दगड. तो कधीही कोसळेल असं वाटतं आणि कधीच कोसळत नाही! राणी दुर्गावतीच्या सासरचं हे गाव. 1781 नंतर इथं मराठ्यांचा अंमल आला, पुढे नागपूरकर भोसल्यांचा आणि 1817-18 च्या लढाईनंतर इंग्रजांचा. आता जबलपूर शहरानं गढा पोटात घेतला आहे आणि रिक्षावाल्याला 'मेडिकल कॉलेज' सांगितलं की तो बरोबर तिकडे नेतो.

या गढ्याच्या राजांचा इतिहास 1837 साली एका इंग्रज अधिकाऱ्यानं लिहिला. त्याचं नाव विल्यम स्लीमन. याच माणसाला 1828 मध्ये जबलपूरच्या एका टेकडीत डायनोसॉरची हाडं सापडली होती. पण स्लीमनचं नाव निघालं की लोकांना ना गोंड राजे आठवतात, ना डायनोसॉर. आठवतात ते ठग!

आणि ठगांचा विषय निघाला की बैठकीत हमखास एक वाक्य येतं. "लबाड खरे, पण डोकं होतं हो लेकाच्यांना!" बोलणारा माणूस अगदी सज्जन असतो. आयुष्यात त्यानं कधी रेल्वेचं तिकीट चुकवलेलं नसतं. तरीही एका पिवळ्या रुमालानं माणूस क्षणात कसा संपवत, हे सांगताना त्याचे डोळे लकाकतात.

डोकं होतं, हे नाकारता येणार नाही. ठगांची टोळी कंपनीसारखी चालायची. वाटसरूला गोड बोलून जाळ्यात ओढणारा तो 'सोठा', गळा आवळणारा 'भुर्तोट', खड्डे खणून प्रेतं पुरणारा 'लुगाई'. प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि वाटाही ठरलेला. यातलं सर्वांत अवघड काम गळा आवळणाऱ्याचं नव्हे, तर सोठाचं. धर्मशाळेत किंवा पाणवठ्यावर तो वाटसरूला गाठायचा, गावगाड्याची चौकशी करायचा आणि सहज म्हणायचा, पुढची वाट धोक्याची आहे, चोराचिलटांचं भय आहे, आपण सोबतीनं जाऊ या. म्हणजे चोराची भीती चोरच घालणार आणि तिच्यावरचा उताराही चोरच देणार! मग दोन-चार दिवस एकत्र चालणं, एकत्र स्वयंपाक, रात्री गाणी-गोष्टी. एखाद्या संध्याकाळी सगळे निवांत बसले की कुणीतरी तंबाखू आणायला सांगायचा. ती खूण असायची.

ज्या प्रवाशाला मारायचं त्याला ठगांच्या गुप्त बोलीत 'बनिज' म्हणत. बनिज म्हणजे व्यापाराचा माल.

ही सगळी माहिती आपल्याला मिळाली कुठून? ठगांकडूनच. स्लीमननं पकडलेल्या ठगांना माफीचे साक्षीदार केलं, त्यांच्या जबान्या घेतल्या, त्यांच्या वंशावळी लिहून काढल्या, नकाशे तयार केले आणि 1836 मध्ये त्यांच्या बोलीचा कोशच छापला. या साक्षीदारांतला सर्वांत गाजलेला म्हणजे फिरंगिया. तो ब्राह्मण घरातला, देखणा आणि बोलण्यात पटाईत. जनरल पेराँ या फ्रेंच सेनानीच्या फौजेनं गावावर हल्ला केला त्या सुमारास जन्मला, म्हणून त्याला हे नाव पडलं. 1830 च्या अखेरीस तो हाती लागला, तोही कशानं, तर स्लीमननं त्याची आई, बायको आणि मूल आधीच ताब्यात घेतलं होतं आणि त्यांच्यापासून लांब पळून जाणं त्याला जमेना. इतरांची मुलंबाळं वाटेत पुरणारा माणूस स्वतःच्या मुलाबाळांच्या ओढीनं सापडला!

आपण किती उपयोगी साक्षीदार आहोत, हे दाखवायला फिरंगिया स्लीमनला सलोहदा नावाच्या मुक्कामी घेऊन गेला. एका लहानशा आमराईत साहेबाचे तंबू लागले होते. बरोबर मडमही होती. सकाळी फिरंगियानं जागा दाखवायला सुरुवात केली. जमिनीवर हिरवंगार गवत, खणल्याची खूणसुद्धा नाही. पण खणलं तेव्हा साहेबाच्या निजायच्या तंबूच्या दोरांपाशी 1818 मध्ये मारलेला एक पंडित आणि त्याचे सहा सोबती निघाले. घोडे बांधले होते त्या जागेखाली 1824 मध्ये मारलेला एक हवालदार आणि चार शिपाई होते. आणि खुद्द निजायच्या तंबूच्या आत, जमिनीखाली, गंगाजल वाहून नेणारे चार ब्राह्मण आणि एक बाई. एकूण सतरा जण! रात्रभर कधी नव्हे इतकी भयंकर स्वप्नं पडली, असं मडमेनं सकाळी सांगितलं, याचीही नोंद स्लीमननं करून ठेवली आहे.

या प्रसंगातलं कुणाचं नाव आज ठाऊक आहे? स्लीमनचं आणि फिरंगियाचं. त्या पंडिताचं नाव काय होतं? हवालदार रजेवर कुठल्या गावी निघाला होता? गंगाजलाच्या कावडी कुणाच्या घरी पोचायच्या होत्या आणि त्या चौघांबरोबर ती बाई कोण होती? ते सांगणारा कुणी उरलाच नव्हता. ठगीची गोष्ट ज्यानं सांगितली तो ठग होता, आणि स्वतःची गोष्ट सांगताना कोण स्वतःला बावळट दाखवील? शिवाय या सांगण्यावर त्याची मान वाचणार होती. जितका मोठा ठग, तितका मोलाचा साक्षीदार. तेव्हा मोठेपणा सांगण्यात काटकसर कशाला करायची?

अवधच्या बेहरामचं उदाहरण घ्या. 931 खून करणारा जगातला सर्वांत मोठा खुनी म्हणून त्याचं नाव पुस्तकांत मिरवतं. प्रत्यक्षात त्याच्या जबानीत स्वतःच्या हातानं गळा आवळलेल्यांचा आकडा सव्वाशेच्या आसपास आहे. बाकीचे खून टोळीतल्या इतरांचे. सव्वाशे माणसं काय थोडी झाली? पण गोष्ट रंगवणाऱ्यांना ती पुरली नाहीत.

फिरंगियाच्याच जबानीत एका बाईची हकीकत आहे. ती मुसलमान घरातली, रूपवान, बरोबर एक म्हातारी दासी आणि नोकरमाणसं. वाटेत भेटलेल्या या देखण्या, गोडबोल्या तरुणावर तिचा जीव जडला. बाईमाणसाला मारायचं नाही, असा ठगांचा जुना नियम होता म्हणे. फिरंगियानं तिला टाळून पुढे जायचा प्रयत्न केला, पण ती सोबत सोडेना. शेवटी टोळीनं तिला आणि तिच्या माणसांना संपवलं. तिच्या नशिबातच आमच्या हातून मरण होतं, अशा अर्थाचं तो बोलला. जबानीत तिचा उल्लेख नुसता 'मुघलानी' असा आहे. एवढा गप्पिष्ट फिरंगिया, इतके दिवस बरोबर चाललेला, पण तिचं नाव काही त्यानं नोंदीत येऊ दिलं नाही.

फिरंगियाचं नाव मात्र फिरत राहिलं. निजामाच्या नोकरीतल्या मेडोज टेलर या अधिकाऱ्यानं 1839 मध्ये लंडनला ठगाची आत्मकथा म्हणून एक कादंबरी छापली आणि विलायतेत ती हातोहात खपली. हा टेलर पुढे आपल्या नळदुर्गला अधिकारी होता. 2018 साली 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' हा चित्रपट आला, त्यात आमिर खानच्या पात्राचं नाव काय? फिरंगी! मधल्या काळात 'ठग' हा शब्दसुद्धा मवाळ झाला. मराठीत तर 'ठकसेन' म्हटलं की जवळजवळ लाडानं कान पिळल्यासारखं वाटतं.

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. टोळीत असणं हाच गुन्हा, असा कायदा 1836 मध्ये झाला. साक्षीदार बोट दाखवील तो ठग ठरू लागला. यात किती निरपराध अडकले असतील, असा प्रश्न अलीकडच्या इतिहासकारांनी उपस्थित केला आहे. 1871 च्या कायद्यानं तर जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. ते ओझं काय असतं, हे मराठी वाचकाला लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'नं दाखवलं. एका बाजूला चार-दोन बिलंदरांचं कौतुक आणि दुसऱ्या बाजूला भाकरीसाठी वणवणणाऱ्यांच्या कपाळी कायमचा शिक्का, हे दोन्ही एकाच काळात चाललं होतं.

पण कौतुकाची ही खोड काही जुन्या काळापुरती नाही. मुंबईकरांना 1987 चा ऑपेरा हाउसचा किस्सा आठवत असेल. मोनसिंग नाव सांगणाऱ्या माणसानं वर्तमानपत्रात जाहिरात दिली, गुप्तचर अधिकारी हवेत. ताजमहाल हॉटेलात मुलाखती घेतल्या, सव्वीस जण निवडले आणि 19 मार्चला त्यांना बसमध्ये घालून त्रिभुवनदास भीमजी झवेरींच्या पेढीवर सीबीआयची धाड घातली. दागिन्यांचे 'नमुने' ब्रीफकेसमध्ये भरून साहेब बाहेर पडले ते आजतागायत सापडलेले नाहीत. सव्वीस जण दुकानात इमानेइतबारे पहारा देत बसले होते. 2013 मध्ये 'स्पेशल 26' चित्रपट आला आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पण खरे सव्वीस जण कोण होते? जाहिरात वाचून नोकरीच्या आशेनं, इस्त्रीचे कपडे घालून आलेले सुशिक्षित तरुण. सकाळी सरकारी अधिकारी म्हणून घरून निघाले आणि संध्याकाळी पोलिसांपुढे जबाब देत होते. त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल, यावर काही कुणी चित्रपट काढलेला नाही.

चार्ल्स सोभराजचंही तेच. 1986 च्या मार्चमध्ये वाढदिवसाच्या निमित्तानं गुंगीची मिठाई वाटून तो तिहारमधून निसटला आणि 6 एप्रिलला मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडेंनी त्याला गोव्यात पर्वरीच्या 'ओ कोकेरो'मध्ये पकडलं. पुढे त्याच हॉटेलात पुतळा बसला, तो सोभराजचा! झेंडेंवर चित्रपट यायला 2025 उजाडलं. काठमांडूत 1975 मध्ये त्यानं जिचा जीव घेतला त्या अमेरिकन तरुणीचं नाव किती जणांना सांगता येईल?

नीट पाहिलं तर या मंडळींची अक्कल तरी केवढी? युक्त्या चार-पाचच, आणि त्याही शिळ्या. आधी भीती घालायची, मग आपणच रक्षणकर्ते व्हायचं आणि माणसाला त्याच्या लोकांपासून तोडायचं. सोठा हेच करत होता. आज व्हिडिओ कॉलवर खोटा गणवेश घालून 'तुमच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरच्यांना सांगू नका' म्हणणारा हेच करतो. 'डिजिटल अटक' असं काही कायद्यात नाही, हे ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं, इतकी ती युक्ती चालली. पैसे गेले की लगेच 1930 या क्रमांकावर फोन करायचा असतो, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. तिथं तासातासाला किंमत आहे. पण निवृत्त मास्तर किंवा बँकेतून निवृत्त झालेल्या काकू फोनपाशी बसून राहतात. पैसे गेले ते गेले, पण सून काय म्हणेल? 'एवढे शिकलेले, आणि फसले कसे?' ज्या तोंडानं घरात ठकसेनाच्या डोक्याचं कौतुक होतं, त्याच तोंडानं हे वाक्य येणार असतं.

शिकलेले फसतात कसे, याचा दाखला पुन्हा स्लीमनच्याच लिखाणात सापडतो. 1822 ते 1824 या काळात तो जबलपूरच्या पश्चिमेला नरसिंहपूर जिल्ह्याचा मुख्य अधिकारी होता. जिल्ह्यातल्या एकूण एक चोरीमारीची आपल्याला खबर असते, अशी त्याची समजूत. पुढे कळलं, त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची आख्खी टोळी नांदत होती. आणि एका मजलेवरची मुंडेसरची राई म्हणजे हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या खुनाच्या जागांपैकी एक. त्या काळात कुणी हे मला सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं, अशा अर्थाची कबुली त्यानं स्वतः छापून दिली. चारशे यार्ड म्हणजे चालत पाच मिनिटं. रोज सलाम करणाऱ्यांत ते असतील, बाजारात साहेबाला वाट देणाऱ्यांत असतील. जिल्ह्याचा मालक तीन वर्षं फसला आणि त्यानं ते सही करून जगाला सांगितलं. त्यामुळे त्याला कुणी बावळट म्हटल्याचं ऐकिवात नाही. जबलपूर-कटनी रस्त्यावर त्याच्या नावाचं स्लीमनाबाद आजही आहे.