वयाची मर्यादा : वरची आणि खालची

नागावच्या किनाऱ्यावर बर्फ दिसतो तो फक्त गोळ्याच्या गाडीवर. तरीही बर्फावरच्या स्केटिंगमधला वयाचा एक नियम इथल्या पालकांनीही समजून घ्यावा असा आहे. आपल्या शालेय स्पर्धांत रोलर स्केटिंग आहे आणि भारतात बर्फावर उतरणारी अनेक मुले आधी चाकांवरच शिकलेली असतात.

शालेय स्पर्धांचे मुख्य गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे असतात. म्हणजे मर्यादा वरची. मोठ्या मुलाने वय लपवून लहानांत खेळू नये, ही त्यामागची काळजी. म्हणून जन्मदाखले तपासले जातात. क्रिकेटमध्ये तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ पाहिली जाते.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची मोठी काळजी नेमकी उलटी आहे. तिथे प्रश्न असतो, मूल फार लहान तर नाही ना? बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १५ वर्षांच्या कमिला वालिएवाचे उत्तेजक प्रकरण गाजले. त्याच वर्षी जूनमध्ये फुकेतच्या अधिवेशनात वरिष्ठ गटाचे किमान वय १५ वरून १७ करण्याचा ठराव १०० विरुद्ध १६ मतांनी मंजूर झाला. तो टप्प्याटप्प्याने लागू होऊन २०२४-२५ च्या हंगामापासून १७ वर्षांची अट पूर्ण अमलात आली. वय १ जुलैपूर्वी पूर्ण व्हावे लागते. कनिष्ठ गटासाठी किमान वय १३ आहे.

मात्र देशांतर्गत स्पर्धांचे नियम प्रत्येक देश स्वतः ठरवतो. अमेरिकेची अॅलिसा लिऊ २०१९ मध्ये १३ व्या वर्षी वरिष्ठ राष्ट्रीय विजेती झाली, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. पण वय कमी असल्याने वरिष्ठ जागतिक स्पर्धेत उतरू शकली नाही. २०२२ मध्ये, अवघ्या १६ व्या वर्षी, तिने खेळ सोडला. दोन वर्षांनी ती परतली आणि २०२५ मध्ये बोस्टनला जगज्जेती झाली, तेव्हा वय होते १९. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण लहानपणी न जिंकल्याने सगळे संपत नाही, एवढे नक्की दिसते.

आइस डान्समध्ये हा नियम वेगळ्या प्रकारे जाणवतो. तिथे एकेरीसारख्या अनेक गिरक्यांच्या उड्या नसतात, त्यामुळे लहान, हलक्या शरीराचा फायदा कमी. तिथे लागते ते वर्षानुवर्षे मुरलेले पदलालित्य आणि जोडीदाराशी जुळलेली लय. पण वयाची अट दोघांनाही लागू असते. एकाला १७ पूर्ण झाली आणि दुसऱ्याला नाही, तर देशात वरिष्ठ गटात खेळणारी जोडीही बाहेर कनिष्ठ गटातच राहते. कार्यक्रमही बदलतो: मुक्त नृत्य कनिष्ठांसाठी साडेतीन मिनिटांचे, वरिष्ठांसाठी चार मिनिटांचे. दमलेल्या पायांना ते अर्धे मिनिट फार मोठे असते.

या अटीमागे शरीरशास्त्र आहे. उंची झपाट्याने वाढते त्या सुमारे दोन वर्षांतच प्रौढपणीच्या हाडांतील जवळपास एक चतुर्थांश खनिज साठते. मुलींमध्ये हा काळ साधारण अकरा-बारा, तर मुलांमध्ये तेरा-चौदा वर्षांच्या आसपास येतो. हाडांच्या टोकांजवळची वाढीची कूर्चा तेव्हा नाजूक असते. त्यात सरावाचा भार आणि वजन कमी ठेवण्यासाठी अर्धपोटी राहणे एकत्र आले, तर मुलींची पाळी लांबते, हाडे ठिसूळ होतात आणि त्यांना बारीक तडे जाऊ शकतात.

एकाच वर्गातली दोन मुले हाडांच्या वयाने वर्ष-दोन वर्षे मागेपुढे असू शकतात. त्यामुळे वरची असो वा खालची, कोणतीही मर्यादा प्रत्येक मुलाला अचूक बसत नाही. आपल्याकडची मर्यादा स्पर्धा न्याय्य ठेवते, पण दहा वर्षांच्या मुलाने किती सराव करावा हे ती सांगत नाही. ते पालकांनाच पाहावे लागते. बालरोगतज्ज्ञांचा एक साधा ठोकताळा आहे: आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत आणि निदान एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. गुडघ्याखाली किंवा टाचेत सतत दुखत असेल, पाळी चुकत असेल, तर ‘स्पर्धा झाल्यावर बघू’ म्हणू नका. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते. वाढीचे वय मात्र एकदाच येते.