मेंदूज्वर उतरतो, राग उरतो

मेंदूज्वराचा रुग्ण शुद्धीवर आला, ताप उतरला, सुटीचा कागद हातात पडला, की उपचार संपले असे सगळेच धरून चालतात. घरच्यांची खरी परीक्षा तिथून पुढे असते. दुपारी जेवलेले तासाभरात आठवत नाही, ‘मला उपाशी ठेवता’ म्हणून ताट भिरकावले जाते, आईवर हात उगारला जातो. मग कुणी ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारा आणतो, कुणी ‘आजारपणात लाडावला’ म्हणून दटावतो. दोघेही चुकतात. हा स्वभाव नव्हे, इजा आहे.

ओठांवर तापाचे फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू क्वचित मेंदूत शिरतो. असायक्लोव्हिर वेळेत शिरेतून मिळाले नाही, तर दहांपैकी सुमारे सात रुग्ण दगावतात. वाचलेल्यांतही कानशिलामागचा, नव्या आठवणी साठवणारा भाग आणि कपाळामागचा, रागाला आवर घालणारा भाग दुखावलेला राहू शकतो. म्हणून लहानपणीची शाळा आठवते, सकाळचा चहा आठवत नाही. क्षयाच्या मेंदूज्वरानंतरही अशी घरे दिसतात.

भेटायला येणारे नातेवाईक नकळत यात भर घालतात. ‘ओळख बरं, मी कोण?’ उत्तर सापडत नाही, चारचौघांत फजिती होते आणि राग उसळतो. त्यापेक्षा ‘मी तुझा मामा, संगमनेरहून आलोय’ असे सरळ सांगावे. चुकवून शिकवण्यापेक्षा योग्य उत्तर आधी देऊन तेच गिरवून घेणे अशा स्मृतीला मानवते. भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिवसाचा क्रम, वस्तूंची ठरलेली जागा, एका वेळी एकच सूचना. भडका उडालाच तर वाद घालू नये. टीव्ही बंद करावा, गर्दी हटवावी, एकाच माणसाने हळू आवाजात बोलावे. कोयता, विळा, मोटारसायकलची किल्ली नजरेआड ठेवावी. बांधून ठेवणे किंवा मारणे मात्र कधीही नाही.

पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड कुटुंबांना हे सांगणे सोपे, करणे अवघड. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड हलते, कोपीची जागा नवी, माणसे नवी, पहाटेची वेळ वेगळी. कसाबसा बसलेला क्रम एका रात्रीत मोडतो. अशा रुग्णाला शक्यतो गावीच, ओळखीच्या माणसाजवळ ठेवावे. त्या माणसालाही आठवड्यातून एखादा दिवस सुटका हवी, हे घरात कुणी बोलत नाही.

राग अचानक वाढला, तर आधी शरीर तपासावे. बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, तुटलेली झोप, न सांगता येणारे दुखणे. फिटसाठी दिले जाणारे लेव्हेटिरॅसेटॅमही काहींना चिडचिडे करते. ते मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे, कारण फिट परतली तर नुकसान मोठे. आणि बरा होत आलेला रुग्ण काही आठवड्यांनी पुन्हा बरळू लागला, हातपाय वेडेवाकडे हलवू लागला, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटलेली असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

सुटीच्या कागदावर गोळ्यांची नावे असतात, यातले एक अक्षर नसते. तिथे मराठीत चार ओळी, पुढच्या तपासणीची तारीख आणि मानसोपचार विभागाची चिठ्ठी देण्यास कोणताही निधी लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्मृती आणि वर्तन गंभीरपणे बिघडवणारे आजारही येतात. बिघाड टिकून राहिला तर प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो. रात्री-अपरात्री घरच्यांचाच धीर सुटला, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो.