सुपरमॅनच्या वडिलांचे मरण

महानायकांच्या रूपांतरांची चर्चा सुरू झाली की ‘मुळाशी इमान’ हा निकष आपल्याकडे फार लवकर पुढे केला जातो. सुपरमॅनला तो लावू गेल्यास, मूळ कोणते मानायचे, येथेच अडायला होते. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शस्टर यांनी ‘ॲक्शन कॉमिक्स’मध्ये आणलेला सुपरमॅन उडत नव्हता, तो मैलाच्या अष्टमांशाएवढी उडी मारीत असे. त्याचे सर्वपरिचित मर्मस्थान असलेले क्रिप्टोनाइटही आधी १९४३ साली नभोनाट्यात आले आणि नंतर, १९४९ साली, छापील पानावर.

तेव्हा शक्तींची यादी तपासण्यापेक्षा त्या शक्ती कोठे तोकड्या पडतात, हे लेखक कसे ठरवतात ते पाहावे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी एकच प्रसंग पुरतो : पालक पिता जोनाथन केंट याचा मृत्यू.

रिचर्ड डॉनर यांच्या १९७८च्या चित्रपटात जोनाथन हृदयविकाराने कोसळतो. आगगाडीशी शर्यत लावणारा मुलगा जागच्या जागी असहाय होतो, आणि इतक्या शक्ती असूनही आपण वडिलांना वाचवू शकलो नाही, असे दफनाच्या वेळी बोलून दाखवतो. चित्रपटातील हा सर्वांत खरा क्षण. परंतु शेवटी लुइस लेन मरण पावते तेव्हा हाच नायक पृथ्वीभोवती उलटा वेग घेऊन काळ मागे फिरवतो! मानवी इतिहासात ढवळाढवळ न करण्याची जन्मदात्याची आज्ञा मोडली जाते, आणि तिची किंमत कोणीच देत नाही. हा शेवट मुळात दुसऱ्या भागासाठी योजलेला होता, हे निर्मितीचे स्पष्टीकरण झाले, समर्थन नव्हे. काळ फिरवता येतो हे कळल्यावर स्मशानातला तो शोक मागाहून पोकळ होतो. कर्णाला मिळालेला शाप आयत्या वेळी कोणी मागे घेतला असता, तर काय उरले असते?

‘स्मॉलव्हिल’ या दूरचित्रवाणी मालिकेने २००६ साली, आपल्या शंभराव्या भागात, हीच दोन मरणे एकमेकांस बांधली. क्लार्क काळ मागे नेऊन लानाला वाचवतो. त्याच रात्री जोनाथन हृदयविकाराने जातो. मालिका एरवी बरीच बाळबोध आहे, पण येथे तिच्या लेखकांनी मोठ्या चित्रपटाची चूक नेमकी ओळखली, असे आम्ही म्हणू.

झॅक स्नायडर यांच्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये (२०१३) शक्ती पुरेशी आहे. चक्रीवादळात सापडलेला बाप हात उंचावून मुलाला थांबवतो, कारण जग अजून त्याला स्वीकारणार नाही अशी त्याची भीती आहे. कल्पना धाडसी खरी. मात्र असहायता आता देहाची न राहता आज्ञापालनाची झाली, आणि प्रेक्षक शोक करण्याऐवजी वाद घालू लागतो.

जॉन बर्न यांनी १९८६ साली कॉमिक्समधील सुपरमॅनची नव्याने मांडणी केली, तेव्हा त्याच्या अफाट वाढलेल्या शक्ती छाटल्या आणि केंट दांपत्याला त्याच्या प्रौढपणीही जिवंत ठेवले. जेम्स गन यांच्या २०२५च्या चित्रपटातही आईवडील हयात आहेत. तेथे नायक आरंभीच मार खाऊन बर्फात पडतो, आणि पुढे जन्मदात्यांच्या संदेशाने खचतो तेव्हा म्हातारा जोनाथन त्याच्याशी बोलत बसतो.