क्षमेचा अधिकार

गुड फ्रायडे हा येशू ख्रिस्ताच्या बलिदानाचा दिवस. वधस्तंभावर प्राण जात असता त्यांनी आपल्या मारेकऱ्यांसाठी पित्याजवळ क्षमा मागितली, ही कथा सर्वधर्मीयांच्या परिचयाची आहे. आम्ही भागवताचे कथेकरी. पण या कथेतील एका गोष्टीपाशी आम्ही नेहमी थबकतो. क्षमा मागणारा स्वतः खिळ्यांनी जखडलेला होता. भोवती उभ्या असलेल्या बघ्यांनी ती मागितली नव्हती.

ओडिशातील मनोहरपूर येथे जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहॅम स्टेन्स हे कुष्ठसेवक आणि फिलिप व टिमोथी हे त्यांचे दहा व सहा वर्षांचे पुत्र गाडीत निजले असता जिवंत जाळले गेले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्यानंतर काही वर्षे बारीपदा येथे राहून पतीची कुष्ठसेवा चालविली. मात्र क्षमा निराळी आणि गुन्ह्याचे परिणाम निराळे, ही त्यांची भूमिका होती. खटला चालला, मुख्य आरोपीस झालेली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. ग्लॅडिसबाईंची स्तुती करणारे पुष्कळ. हा उत्तरार्ध सांगणारे थोडे.

आमच्याकडे द्रौपदीचेही असेच झाले आहे. पाच पुत्रांचा घात करणाऱ्या अश्वत्थाम्याला अर्जुनाने बांधून आणले, तेव्हा माझ्यासारखी त्याची माता रडू नये म्हणून याला सोडा, असे भागवतातील द्रौपदी म्हणते. मंडपात डोळे पुसले जातात. परंतु महाभारताच्या सौप्तिकपर्वात तीच द्रौपदी त्याच्या वधासाठी प्रायोपवेशनास बसते, आणि अखेर त्याच्या मस्तकीचा मणी हाती आल्यावरच उठते. ही द्रौपदी कीर्तनात क्वचितच येते. श्रोत्यांना ती अवघड जाते. व्यासांनी मात्र तिला कोठेही अधर्मी म्हटलेले नाही. मणी तर दोन्ही कथांत काढून घेतला जातो.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्या भंडारा जिल्ह्यातच आहे. मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भैयालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, कन्या प्रियंका आणि पुत्र रोशन व सुधीर यांची जमावाने हत्या केली. कुटुंब दलित, बौद्ध. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरून सहांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही ठिकाणी लागू मानला गेला नाही. म्हणजे घाव झाला हे मान्य, तो जातीचा होता हे अमान्य.

‘झाले गेले विसरावे’ असे अशा प्रसंगी म्हणणारे सज्जन प्रत्येक गावात भेटतात. ग्लॅडिसबाईंचा दाखलाही ते देतात. त्या बाईंचे दुःख देशाने प्रथम दुःख म्हणून मान्य केले होते, हे ते विसरतात. ज्याचा घाव अजून पुरता मोजलाच गेला नाही, त्याने नेमकी कशाची क्षमा करावी? आणि ती मागण्यास त्याच्या दारी गेले तरी कोण?

भैयालाल फाशीच मागत राहिले. जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.