तेरा पानांचे पुस्तक आणि पंचवीस हजारांचा क्लास

आयटी कंपन्यांत काम करणारी आपली मुले हल्ली घरी एक नवा शब्द घेऊन येतात, 'सर्टिफिकेशन'. त्यातही 'अजाइल'चे आणि 'स्क्रम मास्टर'चे. टीम सांभाळायची असेल, बढती हवी असेल तर हा कागद लागतो, असे त्यांना ऑफिसात सांगितले जाते. दुसरीकडे चळवळीतले काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, "ही कसली भांडवलदारांची परीक्षा? त्यापेक्षा एमपीएससी करा." आम्हाला या दोन्ही बाजूंशी वाद घालायचा आहे.

आधी ज्येष्ठांशी. संविधानाच्या कलम १६(४) मधले आरक्षण सरकारी सेवेपुरते आहे. १९९१ नंतर नोकऱ्या कुठे वाढल्या आणि कुठे आटल्या, हे आपण सगळे जाणतो. खासगी क्षेत्रात आरक्षण मिळावे हा आपला लढा चालू आहे आणि चालूच राहील. पण लढा जिंकेपर्यंत आपल्या मुलांनी त्या दारातून आत जायचेच नाही का? प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवा. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. जिथे आडनाव वाचून अर्ज बाजूला पडतो, तिथे पात्रता कमी ठेवून आपण कोणाची सोय करतो?

आता तरुणांशी. आमच्या वस्तीतल्या एका मुलाने या परीक्षेसाठी एका क्लासला पंचवीस हजार रुपये भरले. आईने बचतगटातून कर्ज काढून दिले. क्लासने 'हमखास येणारे' प्रश्न दिले, त्याने ते पाठ केले, परीक्षा दिली आणि नापास झाला. फी डॉलरमध्ये, एका फीमध्ये एकच संधी. ती वाया गेली. त्याला वाटले, आपली लायकीच नाही. हे वाटणे कुठून येते, हे आंबेडकरी माणसाला वेगळे सांगायला नको.

खरी गोष्ट काय आहे? २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा सॉफ्टवेअरवाले एकत्र बसले आणि त्यांनी 'अजाइल'चा जाहीरनामा लिहिला. चार मूल्ये, बारा तत्त्वे. स्क्रम ही त्या विचाराची सर्वांत प्रचलित कार्यपद्धती. तिचे मूळ पुस्तक म्हणजे केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांचे 'स्क्रम गाइड'. २०२० ची आवृत्ती जेमतेम तेरा पानांची आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळते. 'सीएसएम' या प्रमाणपत्रासाठी अधिकृत प्रशिक्षकाचा वर्ग सक्तीचा आहे, पैसे भरल्याशिवाय परीक्षेला बसताच येत नाही, आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरणाची फी वेगळी. 'पीएसएम-१' ला मात्र कोणताही क्लास सक्तीचा नाही आणि ते प्रमाणपत्र कायमचे असते. ८० प्रश्न, ६० मिनिटे, उत्तीर्ण होण्यासाठी ८५ टक्के. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद, तेही इंग्रजीत. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाची खरी अडचण इथे आहे. ती सुटते समजून घेतल्याने. पाठ केलेला प्रश्न शब्द बदलून आला की पाठांतर तिथेच संपते.

गेले काही महिने आम्ही दर रविवारी विहारात हेच करतो. मूळ पुस्तकाचे एक पान वाचायचे, त्यावर मराठीत वाद घालायचा, आणि शेवटी उत्तर इंग्रजीत मांडायचे. स्क्रम डॉट ऑर्गवर ३० प्रश्नांची सराव परीक्षा मोफत आहे, हवी तितक्या वेळा देता येते. ती सलग काही वेळा पूर्ण गुणांनी सुटल्याशिवाय फी भरायची नाही, हा आमचा नियम. नापास झालेला तो मुलगा आज या वर्गात इतरांना शिकवतो. दुसऱ्या खेपेला तो क्लासशिवाय पास झाला.

या वाचनात एक गोष्ट आमच्या लक्षात आली. नोकरी करणारी मुले काही प्रश्न हमखास चुकतात, कारण ती ऑफिसात जे चालते ते उत्तर लिहितात. टीममध्ये कामे कोण वाटतो? मुले लिहितात, स्क्रम मास्टर. पुस्तक सांगते, टीम स्वतःच ठरवते. रोजची पंधरा मिनिटांची बैठक कशासाठी? मुले लिहितात, साहेबाला हिशेब देण्यासाठी. पुस्तक सांगते, काम करणाऱ्यांनी आपल्या दिवसाची आखणी करण्यासाठी. आणि पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे की स्क्रम टीममध्ये उतरंड नसते. पाच मूल्यांमध्ये आदर आणि धैर्य ही दोन मूल्येही आहेत.

कागदावर समता आणि व्यवहारात उतरंड! हे आपल्याला नवे आहे का? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी याच विसंगतीचा इशारा दिला होता. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता घेऊन आपण प्रजासत्ताकात पाऊल टाकणार आहोत, असे त्यांनी बजावले होते. ज्याला कागदावर काय लिहिले आहे हेच माहीत नाही, तो व्यवहाराला प्रश्न कसा विचारणार? नियम वाचलेला माणूसच म्हणू शकतो, "साहेब, हे नियमात नाही."

म्हणून आम्ही म्हणतो, ही परीक्षा द्या, पण कागद विकत घेऊ नका, ज्ञान मिळवा. त्याचबरोबर भ्रमातही राहू नका. हे प्रमाणपत्र जात पुसत नाही. उतरंड नसलेल्या टीममध्येही दुपारच्या डब्याला कोण कोणासोबत बसते, 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न कोणाला विचारला जातो, हे तेरा पानांत लिहिलेले नाही. त्यासाठी संघटनच लागते. आणि ज्यांना हे यश मिळेल, त्यांनी वस्तीकडे पाठ फिरवू नये. पास झालेल्या प्रत्येकाने पुढच्या दोघांना शिकवायचे, एवढी एकच फी आमच्या वर्गात आहे.

उच्चवर्णीयांच्या घरात अशी माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. कोणती परीक्षा द्यावी, कुठे पैसे घालू नयेत, हे काका-मामा सांगतात. आपल्या मुलांचे काका-मामा व्हायला विहाराने पुढे यायला हवे. आपल्या भागातल्या विहारात रविवारचे दोन तास यासाठी मागा. विश्वस्त नाही म्हणाले तर का नाही, हे विचारा.

जयभीम! जय संविधान!